वाणीचे तप

गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन अशी तपाची तीन क्षेत्रे सांगितली असून, त्यांपैकी वाङ्मय तप, म्हणजे वाणीचे तप, स्वाध्यायाबरोबरच उद्वेग न देणाऱ्या, सत्य, प्रिय आणि हितकर बोलण्यात मानले आहे. शंकराचार्य आपल्या भाष्यात या चार गुणांपैकी एकालाही सूट देत नाहीत. खरे पण जिव्हारी लागणारे बोलणे त्यांच्या लेखी तप नव्हे आणि गोड पण खोटे बोलणेही नव्हे. स्पष्टवक्तेपणाच्या नावाखाली चारचौघांत दुसऱ्याचा पाणउतारा करणाऱ्यांना (आणि असे लोक घरोघरी असतात) येथे आधार सापडत नाही. हितकर सत्य मुळातच कटू असेल, तर आशय तसाच ठेवून वेळ आणि शब्द बदलावेत, एवढाच मार्ग या कसोटीत उरतो.