पिवळा झेंडा



‘ट्रेझर आयलंड’ ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल. तिचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने पॅसिफिकमधले बेट प्रत्यक्ष पाहिले ते मात्र पुस्तक निघाल्यानंतर पाच वर्षांनी. छातीच्या दुखण्याने तो वर्षानुवर्षे बेजार होता. २८ जून १८८८ रोजी आई, पत्नी व सावत्र मुलाला घेऊन तो ‘कॅस्को’ या शिडाच्या नौकेने सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. बरोबर महिन्याने मार्केसस द्वीपसमूहातील नुकु हिवा बेटाच्या आनाहो खाडीत त्यांनी नांगर टाकला.

आनाहो म्हणजे डोंगरांच्या कुशीतले संथ पाणी, किनाऱ्याला माड. महिनाभर पायाखाली डोलणारी फळी अचानक स्थिर होते, तेव्हा माणसाला काय वाटते हे आपल्या मच्छीमार बांधवांना मी सांगायला नको. वाटते, हा आडोसा देवाने माझ्यासाठीच राखून ठेवला होता.

पण खाडीत आधीपासून माणसे राहत होती. ती होड्यांतून आली आणि भराभर नौकेवर चढली. वस्तू विकायला काढल्या. किमती अवाच्या सवा. पाहुणे काही घेईनात, तेव्हा एकाने थट्टा केली की एवढी मोठी नौका आणि पैसा नाही! स्टीव्हन्सन घाबरला. ही माणसे नरभक्षक, एवढेच त्याने ऐकले होते. पुढे त्यांच्याशी त्याची मैत्री झाली आणि आपल्या त्या भीतीची कबुली त्याने मोकळेपणाने लिहून ठेवली. हा त्याचा मोठेपणा.

खरे तर भ्यायचे कोणी कोणाला? त्याच बेटावरच्या हापा जमातीची हकीकत त्याला तिथे ऐकायला मिळाली. सुमारे चारशे माणसे. देवीची साथ आली, चौथा हिस्सा गेला. सहा महिन्यांनी क्षय आला आणि वर्षाच्या आत एक पुरुष व एक स्त्री एवढीच उरली. हे रोग बेटावरचे नव्हते, ते जहाजांतून आले होते. आणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काहीही वाईट नसेल. त्यांनाही ती खाडी सुंदरच वाटली असेल.

मग वाईट हेतू नव्हता एवढ्याने येणारा निर्दोष ठरतो का? मला वाटते, नाही. आपण काय घेऊन आलो आहोत हे पाहण्याची जबाबदारी येणाऱ्याची आहे. दर्यावर्दी लोकांनी त्यासाठी एक साधी रीत ठेवली आहे. परदेशी बंदरात शिरताना नौका पिवळा झेंडा लावते. अर्थ असा की, नौकेवर सर्व निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी द्यावी. ती मिळेपर्यंत कोणी उतरायचे नाही. केवळ नौकेचा प्रमुख कागदपत्रे घेऊन जातो. समोर गोडे पाणी, ताजी फळे, आणि आपण डेकवर बसून!

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत फ्रेंच पॉलिनेशियाने बाहेरून येणाऱ्या अशा नौकांना बंदी केली. मार्केसस त्यातच येते. काही नौका तेव्हा भर समुद्रात होत्या. पनामाहून निघालेल्यांना उलट वाऱ्यात मागे फिरणे जवळजवळ अशक्य. थकल्याभागल्या माणसाला दारातून परत पाठवणे हे आपल्याला कठोर वाटते, आणि वाटायलाच हवे. अडलेल्याला पाणी, धान्य, नांगरापुरती जागा नाकारता येत नाही, असे माझे मत आहे. पण किनाऱ्यावर उतरू देणे ही वेगळी गोष्ट. ती बेटवाल्यांनी ठरवायची. त्या नौकांपैकी एखादीवर मी असतो तर चिडलो असतो, हे कबूल करतो. हापांच्या त्या दोघांची आठवण मला तेव्हा झाली असती की नाही, सांगता येत नाही.