फाईल आईची आहे

घरात कॅन्सरचं निदान आलं की आपल्याकडे पहिला ठराव होतो तो ज्याला आजार आहे त्यालाच न सांगण्याचा. तो मायेपोटी होतो, हे मी मान्य करतो. तरीही तो चुकीचा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि आईच्या कॅन्सरसारखा दुर्मीळ, संथ कॅन्सर असेल तर तो निभणंही अशक्य.

तिचा आजार म्हणजे लाळग्रंथीचा अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. गालगुंडात कानापुढे सुजते त्या पॅरोटिड ग्रंथीत शेंगदाण्याएवढी गाठ, आणि गालाला मुंग्या. हा कॅन्सर नसांच्या कडेकडेने सरकतो, म्हणून त्या मुंग्या.

मामा म्हणाला, "ताईला एवढंच सांगा, गाठ आहे, काढायचीय." पण चेहरा हलवणारी नस नेमकी याच ग्रंथीतून जाते. नस आजारात सापडली असेल तर ती कापावी लागेल, मग त्या बाजूचा डोळा मिटणार नाही, ओठाचा कोपरा ओघळेल, असं सर्जननी बजावलं होतं. याला होकार मुलांनी द्यायचा? चेहरा तर तिचा. आम्ही आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने सर्जनना विचारलं, "डॉक्टर, डोळा मिटला नाही तर मी झोपू कशी?" आम्हा भावंडांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि थेंब, मलम, रात्री पापणीवर लावायची चिकटपट्टी, गरज पडली तर वरच्या पापणीत बसवायचं सोन्याचं बारीक वजन, असं सगळं समजावलं. मग तिने सही केली.

माहीत असण्याचा आणखी एक उपयोग मी आधी धरलाच नव्हता. आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर बहुतेक तंबाखूचे, त्यामुळे भेटायला येणाऱ्या बायका हळूच विचारायच्या, "मिश्री लावायचात का हो?" या कॅन्सरचा तंबाखूशी ठोस संबंध दिसलेला नाही. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की यात बहुतेकदा एमवायबी आणि एनएफआयबी ही दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली असतात. ती का तुटतात, याचं बोट दाखवण्यासारखं कारण सापडत नाही. आई तेवढंच सांगायची, "माझ्या हातून काही झालेलं नाही." अर्धवट माहितीवर हे एवढ्या ठामपणे बोलता आलं नसतं.

ऑपरेशननंतर सहा आठवडे रेडिएशन झालं. केमोचा या आजारावर फारसा जोर चालत नाही. तोंड इतकं कोरडं पडलं की भाकरीचा घास आमटीत कुस्करूनही पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. हे सोसताना माणसाला आपण कशासाठी सोसतोय हे माहीत नसावं?

खरी अडचण मात्र पुढच्या वर्षांची आहे. पाच वर्षं गेली की सुटलो, हा हिशेब इथे लागू होत नाही. दहा-पंधरा वर्षांनीही हा आजार फुप्फुसात उगवू शकतो, आणि तिथले ठिपके हळू वाढत असतील तर डॉक्टर कित्येकदा औषध न देता नुसती नजर ठेवतात. दर काही महिन्यांनी होणाऱ्या सीटी स्कॅनला नवं खोटं कुठून आणायचं? आणि ते सांभाळणारी मुलं तेवढा काळ तिच्याशी मोकळं बोलणार कशी?

काहींना खरोखरच जाणून घ्यायचं नसतं. तेही त्यांनाच विचारून ठरवावं, परस्पर नव्हे. आणि डॉक्टरांनी शेजारच्या मुलाकडे बघून बोलणं सोडावं. साठी-सत्तरीच्या बाईला बँकेचे व्यवहार कळतात, तसा स्वतःचा रिपोर्टही कळतो.

आता फाईल आईच्याच कपाटात असते. यंदा स्कॅनची तारीख नेमकी गणपतीत आली. आम्ही घाबरलो. तिने स्वतः फोन लावला, "डॉक्टर, विसर्जनानंतर आले तर चालेल का?" आजार संथ आहे, दोन आठवड्यांनी फरक पडणार नाही, असं ते म्हणाले. मग तिने मामालाही गणपतीला बोलावून घेतलं.