शांत की दमलेली

दिवाळीत जाऊबाई बेसनाचे लाडू घेऊन आल्या. 2004 मध्ये माझा एचआयव्हीचा रिपोर्ट आला तेव्हा माझं ताट-वाटी गोठ्यातल्या कोनाड्यात नेऊन ठेवणाऱ्या त्याच या जाऊबाई. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने मोफत औषधं सुरू केली, म्हणून मी आज हे लिहितेय.) मी चहा टाकला, लाडू खाल्ला. मनात काही हललं नाही. शेजारीण म्हणाली, "कीर्तनकाराची लेक शोभता हो! स्थितप्रज्ञच झालात."

ते कौतुक मला पचेना. बाबा गीतेचा दुसरा अध्याय सांगताना म्हणायचे, राग दगडालाही येत नाही, म्हणून त्याला कुणी स्थितप्रज्ञ म्हणत नाही. मग माझा राग गेला, की राग धरून धरून मी दमले?

हे मनात घोळत असतानाच, एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी सेंटरला मी नेहमीच्या तपासणीला गेले होते. माझा सीडी4 चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा चांगला होता. डॉक्टरबाई जरा मोकळ्या होत्या, म्हणून सहज विचारलं, आकडा चांगला म्हणजे सगळं पूर्वीसारखं का? त्यांनी केसपेपरच्या मागे गोळे काढले. विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या त्या सीडी8. वर्षानुवर्षं तोच शत्रू समोर राहिला की त्या दमतात. मरत नाहीत, पण अंगावर पीडी-1 नावाचा ब्रेक वाढवून बसून राहतात. हा रेणू 1992 मध्ये जपानमध्ये होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला; एचआयव्हीत त्याचं काय काम, ते 2006 मध्ये कळलं. ब्रेक नसता तर त्या लढाईत आपलंच शरीर भाजून निघालं असतं, असंही त्या म्हणाल्या. गोळ्यांनी विषाणू रक्तात दिसेनासा झाला तरी हा दमलेपणा पुरता जात नाही.

"पण नुसती विश्रांती घेणारी पेशीही बसूनच असेल ना? मग ओळखायची कशी?"

"विषाणूचा तुकडा पुढे ठेवायचा. विश्रांती घेणारी उठते, एकीच्या अनेक होते. दमलेली ढिम्म."

परतताना एसटीत मला बाबा कीर्तनात सांगायचे ती संत एकनाथांची गोष्ट आठवत राहिली. गोदावरीवरून आंघोळ करून येताना एक माणूस अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा नदीत उतरायचे. बाबा इथेच टाळ वाजवून थांबायचे, आणि मला वाटतं तिथेच चुकायचे. कारण तापल्या वाळवंटात रडणारं, अस्पृश्य मानलेल्या घरचं पोर बघून तेच नाथ धावले होते. ही दुसरी गोष्ट नसती, तर पहिलीतली शांती कसली होती हे कळलंच नसतं.

गेल्या महिन्यात एका दवाखान्यात रांगेत उभी होते. काउंटरवरच्या माणसाने पुढच्या मुलीचा रिपोर्ट सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग कुणीतरी ओरडायला लागलं, 2017 चा एचआयव्ही कायदा, संमती, लाज... तो आवाज माझाच आहे हे जरा उशिराने लक्षात आलं.

घरी आल्यावर तासभर हात थरथरत होते. बीपीची गोळी घेतली. डब्यात जाऊबाईंचे दोन लाडू उरले होते, त्यातला एक खाल्ला. तेव्हाही काही वाटलं नाही.