इरजिक आणि वेठ

माझ्या दारात एक जुनी पद्मिनी आहे. हिच्या बहिणींपैकी मुंबईतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मात्र निळा धूर सोडीत पाथर्डीत फिरत होती. गेल्या वैशाखात निदान झाले, की इंजिन उतरवून सिलिंडरचे बोअरिंग केल्याशिवाय गत्यंतर नाही.

सुट्टीतला रविवार पाहून तीन मित्र आले. एकाचे लहानसे गॅरेज आहे. त्याला आम्ही मिस्त्रीच म्हणतो. दुसऱ्याने विहिरीतली मोटार काढायची तिपाई आणि चेनकप्पी आणली. प्रथम बॅटरी सोडली. मग पाणी आणि ऑइल काढले, बॉनेट व रेडिएटर उतरवले. कोणता बोल्ट कोठला हे विसरू नये म्हणून घरातल्या वाट्या अंगणात आल्या. दुपारी सर्वांनी ओसरीवर पिठले-भाकरी खाल्ली. गिअरबॉक्सपासून सुटलेले इंजिन साखळीवर वर येत असताना अचानक झोल खाऊन माझ्याकडे झुकले. मिस्त्रीने मला मागे लोटले; त्याच्या बोटांची साले मात्र निघाली.

संध्याकाळी मी त्याच्या हातात पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या. त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, गिऱ्हाईक म्हणून बोलावलं असतं, तर मजुरी मागून घेतली असती," असे म्हणून त्याने नोटा खाटेवर ठेवल्या आणि तो निघून गेला.

त्या रात्री झोप लागली नाही. मित्राला दुखावले ही एक टोचणी. तिच्यामागे दुसरी होतीच. मला दरमहा पगार मिळतो. त्याचे पोट हातावर. त्याचा दिवस फुकट घेणे याला मैत्री म्हणायचे, की मैत्रीच्या नावाने घेतलेली वेठ?

आपल्याकडे बिनमोल श्रमांना दोन नावे आहेत. ज्याचे शेत मागे पडले, त्याच्या शेतात गावातली औते एका दिवशी उतरतात. धनी सर्वांना जेवू घालतो. मजुरीचा शब्द निघत नाही. ती इरजिक. सत्तेचे बोलावणे येताच हातचे काम टाकून जावे लागते, ती वेठ. बांधावरून पाहणाऱ्याला दोन्हींकडे तोच घाम दिसेल. मग फरक कोठे? मनाच्या खुशीत, असे चटकन उत्तर येते. पण खुशी फार फसवी. भिडेपोटी दिलेला होकारही हसतमुख असतो.

बरे, पैसा दिला म्हणजे वेठ टळते काय? पाथर्डीच्या माणसाला हे सांगायला नको. दसरा सरला की आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे उचल. कितीएकांची दिवाळी फडाजवळच्या कोपीतच होते. हंगाम संपला तरी उचल फिटतेच असे नाही. मग पुढच्या दसऱ्याला पुन्हा बोलावणे. तेथे पैसा आधीच मिळालेला असतो, आणि त्यानेच माणूस बांधला जातो.

विचार करता करता मला वाटू लागले, की हाक कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. मुकादम तोडणाऱ्याला बोलावतो. तोडणारा आपल्या घराची भिंत उभी करायला मुकादमाला बोलावू शकत नाही. इरजिकीत आज माझ्या शेतात आलेला उद्या मला हाक मारू शकतो, आणि मी जाईन याची त्याला खात्री असते. माझ्या दोन नोटांनी मी मिस्त्रीचा हा हक्कच विकत घेऊ पाहत होतो. 'फिटंफाट' या शब्दात, यापुढे मला हाक मारू नकोस, असाही एक अर्थ दडलेला असतो.

मी पुन्हा पैशाची गोष्ट काढली नाही. ज्येष्ठात, पाऊस तोंडावर असताना, एका पहाटे त्याचा फोन आला: "गुरुजी, शेडवर पत्रे चढवायचेत. येता का?" मी गेलो. वर चढणे मला जमेना. खालून पत्रे देत राहिलो. दुपारपर्यंत तळहातांना फोड आले. वहिनींनी आमटी-भाकरी वाढली. माझा घास नीट मोडेना, तेव्हा त्याने माझे हात पाहिले आणि आपली बोटे पुढे करून तो हसला. तेथे नवी कातडी धरली होती.

ऋण फिटले काय? फिटले नसावे. गाडी आता धूर सोडीत नाही. पण गिअर टाकताना ती अधूनमधून कुरकुरते, हे मी अजून त्याला सांगायचे आहे.