अवसान गळणे आणि हातपाय गाळणे



जपानी भाषेत चार चिनी अक्षरांचे शब्दप्रयोग असतात. त्यांना 'योजिजुकुगो' म्हणतात. त्यांतला एक 'इकी शोचिन'. 'इ' म्हणजे मनातला हेतू, 'कि' म्हणजे जोम, 'शो' म्हणजे विझणे आणि 'चिन' म्हणजे बुडणे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाबद्दलही तो वापरतात, सामना हरलेल्या संघाबद्दलही. दुसरा 'जिबो जिकी', म्हणजे स्वतःवरच घाव घालणे आणि स्वतःला टाकून देणे. हा मूळचा चीनमधील विचारवंत मेन्शियस याचा, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला.

दोन्ही शब्द निराशेचेच. पण पहिल्यात माणसाला काहीतरी होते, दुसऱ्यात माणूस काहीतरी करतो. आपल्या मराठीने तर हा भेद एका कान्यावर तोलला आहे: अवसान गळते, हातपाय मात्र माणूस गाळतो.

हे सांगण्याचे कारण असे. परदेशात कोणाची नोकरी जाते, व्हिसाची मुदत संपत येते. शिकायला आलेला एखादा मुलगा रविवारच्या वंदनेला येईनासा होतो. मग आपण फोन करतो आणि म्हणतो, "बाबासाहेबांनी केवढं सोसलं, आणि तू एवढ्यावर खचलास?" हेतू चांगलाच असतो. पण त्या मुलाच्या दुःखात आपण अपराधाची भर घालतो. त्याचे गळलेले असते, आपण गाळले असे ठरवतो.

आणि बाबासाहेबांचे नाव घेऊन असे बोलणे तर मुळीच योग्य नाही. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी ३१ जुलै १९५६ची आठवण लिहून ठेवली आहे. त्या दिवशी बाबासाहेब आजारी होते, खिन्न होते, हाती घेतलेले कार्य अपुरे राहील या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. कारवाँचा जो संदेश आपण दर जयंतीला फलकावर लिहितो, तो त्याच संभाषणातला. फलकावर संदेश येतो, अश्रू येत नाहीत. त्यानंतर ७५ दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. अवसान गळणे हा दोष असता, तर तो दिवस कसा उगवला असता?

मेन्शियसचे मत कठोर आहे. स्वतःवर घाव घालणाऱ्याशी बोलणे शक्य नाही आणि स्वतःला टाकून देणाऱ्याबरोबर काही करणे शक्य नाही, असे तो मानतो. मला हे पटत नाही. गळणे कुठे संपले आणि गाळणे कुठे सुरू झाले, हे बाहेरून कोणाला दिसते?

राजगृहाजवळ सीतवनात राहणारा भिक्खू सोण अगदी त्या सीमेवर उभा होता. श्रीमंत घरचा, मऊ पायांचा. चंक्रमण करून करून पाय रक्ताळले, तरी चित्त मुक्त होईना. घरी संपत्ती आहे, परत जावे, दानपुण्य करावे, असे त्याला वाटू लागले. तथागत स्वतः त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला धिक्कारले नाही, की आणखी जोर लाव असेही सांगितले नाही. सोण पूर्वी वीणा चांगली वाजवत असे, म्हणून त्यांनी विचारले: तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? उत्तरे सोणाला ठाऊकच होती. त्याचा दोष आळसाचा नव्हता, अति ताणाचा होता. "हिंमत धर" एवढेच सांगितले असते, तर तार तुटलीच असती.

विनयपिटकात या कथेचा पुढचा भाग आहे, तो प्रवचनांत क्वचितच ऐकू येतो. तथागतांनी सोणाला एकतळी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. उपदेशाने चित्त सावरते, पण पाय फाटलेलेच राहतात. आपल्याकडच्या त्या मुलालाही कदाचित दोन महिन्यांचे खोलीभाडे हवे असेल, किंवा वकिलाकडे सोबत येणारे कोणी.

सोणाने मात्र एकट्यासाठी वहाणा घ्यायला नकार दिला. संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी ती सर्व भिक्खूंना दिली.