अधिकार कोणाचा?

पाठशाळा सोडून आम्हांला चाळीस वर्षे झाली, तरी 'अधिकार' हा शब्द कानी पडला की आमचे मन अजून जुन्याच वाटेने जाते. व्याकरणात अधिकार म्हणजे एका सूत्राची पुढच्या सूत्रांवर चालणारी सत्ता. मीमांसेत, अमुक कर्म करून त्याचे फळ घ्यायला पात्र कोण, याचा निर्णय. वेदान्ताचा ग्रंथ उघडावा तर विषय, संबंध, प्रयोजन यांच्या जोडीला अधिकारी सांगितलेला असायचाच. विवेक, वैराग्य, शमदमादि आणि मुमुक्षा इतके पदरी असेल तर पुढे ये, नाहीतर घरी जा! सारांश, आधी योग्यता, मग अधिकार. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात तर कित्येकांना जन्मावरूनच दारात अडवले आहे. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता वर्तमानपत्रात येतो तो 'मानवी अधिकार' पाहा. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या सभेने एक जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्याच कलमात मनुष्यमात्राला जन्मतः सारखी प्रतिष्ठा दिली आहे. मसुद्यात तिथे नुसता 'पुरुष' असाही अर्थ निघेल असा शब्द होता. तो बदलून सर्व मानव असा अर्थ होईल असा शब्द घालायला लावला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. आता या अधिकाराला पात्रता कोणती? काहीच नाही! शम नको, दम नको, नाम नको, स्नानही नको. माणूस असला की पुरे. जुन्या पंडिताला हे ऐकून ठसका लागावा, नाही का?

वारकरी म्हणेल, महाराज, यात नवे ते काय? तुकोबारायांनी हाच शब्द उचलून सर्व जातींना वाटून टाकला. खरे आहे. पण सज्जनहो, तुकोबांनी वाटला तो नामाचा अधिकार. जो नाम घेईल तो तरेल. आणि जो घेत नाही, त्याच्या भाकरीचे, त्याच्या अंगावरच्या जखमेचे काय, हा प्रश्न उरतोच.

चोखोबांचे चरित्र आम्ही अनेक वर्षे सांगत आलो. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते, कूस कोसळले, चोखोबा खाली सापडले. शके १२६० ची ही गोष्ट. नामदेवराय तिथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी वेचली आणि पंढरीस महाद्वारासमोर समाधी दिली. इथे मंडपात डोळे पुसायला पदर वर जातात. आमचाही कंठ दाटतो. पण त्या कुसाखाली एकटे चोखोबा नव्हते. दुसरेही मजूर गेले. ज्यांच्या हाडांतून नाम निघाले नाही ती हाडे कोणी वेचली? त्यांच्या बायकापोरांकडे कोणी पाहिले? कथा तिथे गप्प आहे, आणि आम्ही कथेकरीही गप्पच राहतो.

चोखोबांना महाद्वारी जागा मिळाली ती संत म्हणून. तीही दाराबाहेर, बरं का! आत जायला त्यांच्या जातभाईंना १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींना त्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. संतपणाला मान देणे सोपे असते. जो संत नाही, कदाचित दारूही पितो, देवाचे नाव काढत नाही, अशा माणसाचे देणे द्यायचे म्हणजे खरी कसोटी.

आज कुसाच्या जागी गटार आले आहे. हाताने मैला उचलायला लावू नये, म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली त्याहून कडक झाला. तरी माणसे गटारात उतरतात, गुदमरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली. २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यावरून काय ते ओळखावे.

आणि हे दूर कुठे नाही, हो. आषाढीला लाखो लोक चंद्रभागेच्या वाळवंटात येतात. देहधर्म कोणाला सुटला आहे? आता फिरती शौचालये येतात, ही चांगली गोष्ट. पण ती धुणारे, द्वादशीला वाळवंट झाडणारे हात कोणाचे? एकदा झाडणाऱ्या बाईला आम्ही म्हणालो, ''मावशी, केवढे पुण्य तुमच्या पदरी!'' झाडू न थांबवता ती म्हणाली, ''पुण्य र्‍हाऊ द्या महाराज, हातमोजं द्याया सांगा कुनाला तरी.''

काही विद्वान म्हणतात, हक्कांची भाषा परकी, आपली भाषा कर्तव्याची. आम्हांला हे अर्धेच पटते. एकाचे कर्तव्य तेच दुसऱ्याचे घेणे, हे कोणताही सावकार सांगेल. मग हक्क म्हटले की आपण बिचकतो का? दान दिले तर पुण्य जमा होते, समोरचा वाकतो, पावतीवर नाव येते. हक्काचे दिले तर यातले काहीच मिळत नाही. देणेकरी मोकळा झाला, इतकेच. हातमोजे दान म्हणून द्यायला दहा यजमान सापडतील. कबूल केलेली मजुरी दिवेलागणीच्या आत हातावर ठेवणारा मात्र शोधावा लागतो. (कीर्तनकाराची बिदागी आगाऊ ठरते, तिला कोणी बक्षिसी म्हणत नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो.)

पात्रता न विचारता मान देणे वारकऱ्याला ठाऊक नाही, असे कसे म्हणावे? भेटला की पाया पडतो. त्याने स्नान केले का, किती पारायणे झाली, हे विचारून कोणी वाकतो का? वाकताना जे कळते ते घरात शिरल्यावर विसरते. मोरी धुणाऱ्या बाईचा कप अजून कित्येक माळकऱ्यांच्या घरी खिडकीत वेगळा पालथा असतो. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने बंद केली, तो कप मात्र तिथेच.

हल्ली आम्ही चोखोबांच्या चरित्रात त्या इतर मजुरांचा प्रश्न घालतो. परवा एका गावी यजमान म्हणाले, ''महाराज, ऐन रंगात रसभंग केलात.'' आम्ही म्हटले, केला खरा. मग त्यांच्याच मंडपात सकाळी खरकटे काढणाऱ्या चार बायांची मजुरी किती ठरली आहे, ते विचारले. ठरलेली नव्हती. काला वाटण्याआधी ती ठरवून घेतली आणि मगच आम्ही वीणा खाली ठेवला.