घंटी वाजवली की!

सायकलच्या धडकेत चष्मा फुटलेल्या एका आजोबांचा व्हिडिओ मध्यंतरी सगळीकडे फिरला. माझ्या डोक्यातून जात नाही ते त्यातल्या सायकलवाल्या मुलाचं वाक्य : 'मी घंटी वाजवली होती की!'

वा! ताशी वीस किलोमीटरने निघालेली सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. दहा मीटरवरून ट्रिंग केलं, तर पुढच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात त्याने ऐकायचं, ते आपल्यालाच आहे हे ओळखायचं, डावीकडे की उजवीकडे ते ठरवायचं आणि सत्तरीतल्या गुडघ्यांना तसं कळवायचं. बहुतेक माणसं घंटी ऐकून मागे वळून बघतात आणि वळताना नेमकी आडवी येतात. देवळात घंटा वाजवली म्हणून देव गाभारा सोडून बाजूला होतो का?

गंमत अशी की, सायकलच्या पट्ट्यावर मोटारसायकल चढली की हाच मुलगा संतापतो. अरे, तिनेही हॉर्न दिला होता की!

बाकी सायकलवाले म्हणतात ते 'रस्त्यावर गाड्या जगू देत नाहीत' हे खरं आहे. 'लोक चौघं-चौघं आडवे चालतात' हेही. पण पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर सायकलचा पट्टा फुटपाथच्याच पातळीवर आहे. तिथे भेळ हातात घेतलेला माणूस पट्टे मोजत चालणार नाही. वेग ज्याच्याकडे, ब्रेकही त्याच्याचकडे असतो.

पुण्यात पूर्वी सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, डबलसीटला दंड होई, रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. सुवर्णकाळ वगैरे म्हणणार नाही मी. दिवा बंद असला की पोलीस दिसताच आम्ही टुणकन उतरून साळसूदपणे चालायला लागायचो. पण उतरता यायचं! हल्ली हेल्मेटवर कॅमेरा असतो, कानात इअरफोनची बोंडकी असतात, बूट पेडलला अडकवलेले असतात. गर्दी दिसली म्हणून उतरून चार पावलं चालणं म्हणजे जणू अब्रूच गेली.

माझ्या सायकलची घंटी दोन पावसाळ्यांपूर्वीच गंजून बसली. मी हळू जातो आणि खोकतो. लोक लगेच बाजूला होतात. करोनापासून तर जरा जास्तच.